किल्ल्या द्या, पण शाळेची व्हॅन तूर्त उभीच राहू द्या

पत्र: नमस्कार डॉक्टरताई. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. मिस्टर ५७ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे त्यांना अटॅक आला. वेळेत नेलं, मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला, चौथ्या दिवशी घरी आलो. शुगर आधीपासून आहेच, गोळ्या चालू आहेत. ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. व्हॅन स्वतःची, हप्ते चालू आहेत, सध्या भाच्याला बसवलंय. परवा मी देवळात गेले तेवढ्यात हे माझी मोपेड काढून तर्री-पोहे खायला गेले! विचारलं तर म्हणतात, "मले काय धाड भरली? स्टेंट टाकला म्हणजे पाइपलाइन नवी झाली." सोमवारपासून व्हॅनवर जातो म्हणून अडून बसलेत. मे महिन्यात पुण्याला पुतण्याचा साखरपुडा आहे. तिथेही दिरांची कार घेऊन समृद्धीवरून स्वतः चालवत जायचं म्हणतात. डिस्चार्ज कार्डावर गाडीबद्दल एक अक्षर नाही. मी सगळ्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात लपवल्यात. मला तर वाटतं, त्यांनी आता आयुष्यात स्टिअरिंगला हात लावू नये. माझं चुकतंय का? (माझ्याकडे कारचं लायसन्स आहे, पण लग्नानंतर कधी चालवली नाही.)

उत्तर:

ताई, किल्ल्या आधी डब्यातून बाहेर काढा. ज्या माणसाने वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पोरं वेळेवर शाळेत पोचवली, त्याला घरात किल्ली शोधत फिरावं लागलं तर तो तुमचं काहीच ऐकणार नाही, आणि भाच्याकडे दुसरी किल्ली असेलच. मात्र सोमवारी व्हॅनवर जायचं नाही, यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. "आयुष्यात कधीच नाही" हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. अटॅक येऊन गेलेले, नीट औषध घेणारे कितीतरी लोक आज नागपुरात सुखरूप गाडी चालवताहेत.

तुमच्या घरी तीन प्रश्नांचं मिळून एक भांडण झालंय. मोपेड किंवा घरची कार कधी, शाळेची व्हॅन कधी, आणि पुणे कसं. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आधी त्या पाइपलाइनचं बघू. मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्टेंटने बंद झालेली नळी उघडली. पण ती बंद असताना हृदयाच्या स्नायूचा जो भाग रक्तावाचून राहिला, त्यातला काही मेला असू शकतो, आणि तो स्टेंटने परत जिवंत होत नाही. तिथे हळूहळू व्रण धरतो. सुरुवातीच्या आठवड्यांत अशा जागेतून हृदयाचे ठोके एकदम बिघडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. ठोके बिघडले की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो. छातीत दुखलं तर गाडी बाजूला घ्यायला निदान वेळ मिळतो, बेशुद्धी तेवढा वेळ देत नाही. गाडीच्या बाबतीत आम्ही डॉक्टर घाबरतो ते मुख्यतः याला. आठवडे जातात तसा हा धोका उतरत जातो.

तो किती उतरला याचा अंदाज टूडी इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून येतो. रिपोर्टमध्ये ईएफ नावाचा आकडा असतो. आपल्याकडे लोक त्याला "पंपिंग" म्हणतात. इथे एक गैरसमज नेहमीचा: "पंपिंग ६० टक्केच आहे हो," असं म्हणून लोक रडकुंडीला येतात. अहो, ६० म्हणजे उत्तम. निरोगी हृदयसुद्धा दर ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर फेकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच फेकतं. गाडीसाठी महत्त्वाची रेघ ४० टक्क्यांच्या आसपास धरतात. मिस्टरांचा आकडा तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. डिस्चार्जच्या फाइलमध्ये तो असणार, आजच काढून बघा.

ब्रिटनमध्ये याचे नियम छापील आहेत, अंदाजासाठी सांगते. अँजिओप्लास्टी यशस्वी झाली, ईएफ ४० किंवा त्यावर आहे आणि दुसरी तातडीची अँजिओप्लास्टी वा बायपास ठरलेली नाही, तर स्वतःची कार किंवा दुचाकी १ आठवड्याने चालवता येते. यातलं काही बसत नसेल तर ४ आठवडे थांबायचं. बस आणि ट्रकवाल्यांना मात्र कमीत कमी ६ आठवडे, आणि त्यानंतरही टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालायची तपासणी, पास झाल्याशिवाय नाही. म्हणजे त्या मोजपट्टीने मिस्टरांची मोपेड कदाचित नियमात बसलीही असती. तर्री बसली नसती, तो भाग वेगळा.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात असा दिवसांचा आकडा नाही. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर कुणी लिहीत नाही, आणि "लिहिलं नाही म्हणजे चालतं" असा अर्थ घरोघरी काढला जातो. कायदा अगदी गप्पही नाही. कलम १८६ म्हणतं की आपल्याला असा आजार आहे ज्याने आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, हे माहीत असून जो गाडी चालवतो तो गुन्हा करतो. दंड किरकोळ आहे, पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत. पण "माहीत असून" हे त्यातलं कळीचं. अटॅकनंतर "मला ठाऊक नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. याशिवाय माणूस आजारामुळे गाडी चालवायला अपात्र आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला लायसन्स रद्द करण्याचा किंवा डॉक्टरी दाखला मागण्याचा अधिकार आहे. लायसन्सचं नूतनीकरण पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांनी होतं, आणि चाळिशी ओलांडली की नमुना १-ए चा डॉक्टरी दाखला लागतो. मिस्टरांची ती तारीख जवळ आली असेल तर ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही आणायच्या फंदात पडू नका.

आता मोपेड आणि कार. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी इको आणि बीपी बघून हो म्हटलं, तर द्या चालवायला. दोघींत मी कारला आधी परवानगी देईन. कारमध्ये चक्कर आली तर निदान गाडी आडवी होत नाही. दुचाकीवर माणूस थेट रस्त्यावर येतो, आणि स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू असताना डोक्याला लागलेला मार साध्या माणसापेक्षा जास्त महागात पडतो. म्हणून हेल्मेट, पोह्याच्या टपरीपर्यंत जायचं असलं तरी. (त्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत, स्टेंट बंद पडू शकतो.) मोपेडचं आणखी एक आहे. चालवायला ती हलकी, पण श्वास रोखून डबल स्टँडला ओढताना किंवा पार्किंगच्या दाटीतून मागे खेचताना छातीवर एकदम ताण येतो. महिनाभर साइड स्टँड वापरा आणि किक मारू नका. बायपास झालेल्यांचं गणित निराळं, त्यांचं छातीचं हाड जुळायलाच सहा ते आठ आठवडे लागतात. तुमचं ते नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

औषधांकडे नीट बघा, कारण अटॅकनंतर चक्कर येते ती पुष्कळदा हृदयामुळे नाही, गोळ्यांमुळे. बीपी उतरवणाऱ्या गोळ्या नव्या असतात, डोस वाढत असतो, आणि वरून एप्रिल-मेचं नागपूर. पारा पंचेचाळिशीला टेकतो, घामाने अंगातलं पाणी जातं, आणि बसलेला माणूस उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की पहिले दोन-तीन दिवस स्टिअरिंग नको. डॉक्टरांना उभं राहून बीपी मोजायला सांगा. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा, कारण पंपिंग कमी असलेल्यांना पाण्याची मर्यादा घातलेली असू शकते. तिथे "भरपूर पाणी प्या" हा सल्ला उलटतो. जिभेखालची गोळी दिली असेल तर ती गाडीच्या डॅशबोर्डात ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत औषध भाजून निघतं आणि ऐन वेळी निकामी ठरू शकतं. ती गोळी घेतली की बसून राहायचं, तिने बीपी झपकन उतरतं. गोळी घेऊन पुन्हा गाडी सुरू करणं नाही म्हणजे नाही.

शुगरबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला ती जास्त खटकली. अटॅकनंतर ठोके शांत ठेवणारी जी गोळी बहुतेकांना देतात, ती शुगर उतरल्याच्या खुणा झाकते. एरवी शुगर घसरली की धडधडतं, हात थरथरतात, माणूस सावध होतो. ही गोळी चालू असताना ते दोन्ही कमी जाणवतात. घाम तेवढा येतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात घामाकडे कोण बघतं? व्हॅनवाल्यांची सकाळ आठवा: पाचला उठायचं, शुगरची गोळी, कपभर चहा, सव्वासहाला पहिलं पोर. पोटात काही नाही. सगळ्याच गोळ्यांनी शुगर घसरत नाही, पण काहींनी आणि इन्शुलिनने घसरते. मिस्टरांची कोणती आहे ते विचारा. उत्तर काहीही येवो, उपाशीपोटी गाडी नको, खिशात ग्लुकोज हवं, आणि पहिले काही दिवस निघायच्या आधी बोटातून शुगर तपासायची.

हे सगळं स्वतःपुरतं झालं. व्हॅनमध्ये मात्र लोकांची लेकरं असतात. कॅनडाच्या हृदयतज्ज्ञांनी १९९२ मध्ये हा धोका मोजायचं एक सूत्र मांडलं. माणूस दिवसातला किती वेळ स्टिअरिंगमागे असतो, गाडी कोणती आहे, वर्षभरात अचानक बेशुद्ध पडायची शक्यता किती, आणि तसं झालंच तर त्यातून कुणाचं नुकसान व्हायची शक्यता किती, या चार गोष्टींचा गुणाकार. दूध आणायला जाणाऱ्यापेक्षा पोटासाठी चालवणारा कितीतरी जास्त वेळ गाडीत असतो, म्हणून हृदय तेच असलं तरी त्याची परीक्षा कडक. गाडीत बसलेल्या मुलांचा तर या सूत्रात वेगळा हिशेबच नाही. तो तुम्ही-आम्ही करायचा.

शिवाय हे काम आरामाचं नाही. उन्हात दर गल्लीत थांबा, दार उघडा, दप्तरं चढवा, मागे दोघांची मारामारी, कुणाची बाटली सांडलेली, शाळेसमोर गाड्यांची ही गर्दी आणि मागच्याचा हॉर्न. रिकाम्या रस्त्यावर कार चालवणाऱ्यापेक्षा हा ताण किती वेगळा आहे ते मिस्टरांनाच विचारा, ते मला शिकवतील. व्हॅनसाठी माझं उत्तर असं: निदान सहा आठवडे पूर्ण होऊ द्या, मग डॉक्टर सांगतील तेव्हा त्यांच्याच देखरेखीखाली टीएमटी. त्यात दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढवतात. ब्रिटनमध्ये बस-ट्रकवाल्याला अशी नऊ मिनिटं नीट पार पाडावी लागतात. ईएफ चांगला, टीएमटी साफ, चक्कर नाही, आणि डॉक्टरांचा लेखी होकार असेल, तर मी त्यांना अडवणार नाही. यातलं एक जरी डळमळीत असेल, तर व्हॅन भाच्याने चालवायची आणि मिस्टरांनी हिशेब, पालकांचे फोन, गाडीची देखभाल बघायची. धंदा तरीही त्यांचाच राहतो. ईएफ ३५ च्या खाली राहिला किंवा छातीत शॉक देणारं यंत्र बसवायची वेळ आली, तर मुलांची गाडी कायमची सोडायला मी स्पष्ट सांगेन.

एक योग बरा जुळलाय. सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत, आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्याच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे मिस्टरांना "महिनोन्‌महिने घरी बसा" म्हणायची गरज नाही. फक्त या सत्राचे उरलेले दिवस भाच्याने काढायचे आहेत. त्याचं लायसन्स आणि गाडीचे कागद शाळेच्या वाहनासाठी लागतात तसे आहेत ना, तेवढं बघून घ्या, २०११ पासून राज्याची त्यासाठी वेगळी नियमावली आहे. पालकांनाही सांगा, लपवू नका. "तब्येतीमुळे जूनपर्यंत भाचा येईल" एवढा एक मेसेज पुरे. नंतर बाहेरून कळलं तर लोक धास्तावतात आणि मुलं काढून घेतात. आधी सांगितलं तर बहुतेक पालक उलट विचारपूस करायला येतात.

पुण्याला जरूर जा. अटॅकला दीड-दोन महिने होऊन गेलेले असतील, प्रवासाला हरकत नाही, डॉक्टरांना फक्त विचारून घ्या. समृद्धीवर स्वतः चालवत मात्र नाही. रस्ता उत्तम आहे, आणि म्हणूनच नाही. ताशी १२० ची मर्यादा, तासन्‌तास सरळ सिमेंटची पट्टी, डोळ्यांवर झापड. काही वाटलं तर बाहेर पडायची पुढची वाट आणि दवाखाना किती लांब ते कुणी सांगावं! अजनीहून पुण्याला आता वंदे भारत सुटते, सकाळी निघून रात्री पुण्यात. अजनी तुमच्या मनीषनगरपासून हाकेच्या अंतरावर आहे. डब्यात मधूनमधून उठून फेऱ्या मारता येतात. कारनेच जायचं ठरलं तर स्टिअरिंग दिरांकडे, दर दोन तासांनी थांबा, आणि फाइल, गोळ्या हाताशी.

परवानगी मिळाल्यावर पहिल्यांदा गाडी काढाल ती रविवारी सकाळी सातच्या सुमारास काढा. नाश्ता करून निघा. सिव्हिल लाइन्सचे रस्ते रुंद आहेत, सावली आहे, कुठेही डावीकडे घेता येतं. तुम्ही शेजारी बसा, पण "हळू, हळू" करू नका. वर्धा रोडला लागलात तर त्या डबलडेकर पुलावर चढायचं नाही, खालूनच जा. पूल तीन किलोमीटरच्या वर आहे आणि वर मधेच थांबायची सोय नाही. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दाबल्यासारखं झालं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारलं, की लगेच इंडिकेटर, डावीकडे, चारही दिवे लुकलुकते, इंजिन बंद आणि १०८. "दवाखाना दोनच किलोमीटर आहे, स्वतःच जातो" ही हुशारी करायची नाही. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये बेशुद्ध पडलेला माणूस एकटा मरत नाही.

हे तुम्ही मिस्टरांना घरी समजावू नका. तुमच्या तोंडून ते कटकट वाटेल, डॉक्टरांच्या तोंडून सल्ला. व्हिजिटला दोघं केबिनमध्ये जा, आणि सरळ विचारा: "मोपेड कोणत्या तारखेपासून? कार कोणत्या तारखेपासून? मुलांची व्हॅन कधी, आणि त्याआधी कोणती तपासणी?" तारखा फाइलवर लिहून मागा. "गाडी चालवू का?" एवढंच विचारलं तर घाईत "हो, हळूहळू करा" असं उत्तर मिळतं, आणि घरी येऊन त्याचा अर्थ मिस्टर "सोमवारपासून" असा लावतात. परवाच्या पोह्यांचंही तिथे सांगून टाका. रागवायला नाही, गाडी चालवताना चक्कर किंवा दम लागला होता का, हे डॉक्टरांना कळायला हवं म्हणून.

त्यांच्या हट्टामागे हप्ते आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. थोडी भीतीही असेल. अटॅकनंतर कितीतरी पुरुष गप्प होतात, चिडतात, झोप उडते, आणि "मी ठणठणीत आहे" हे जगाला दाखवायला गाडी काढतात. दोन-तीन आठवड्यांत हा चिडचिडेपणा उतरला नाही, किंवा जेवणावरून मनच उडालं, तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

आणि तुमचं लायसन्स, ताई. कंसात लिहून तुम्ही पुढे सरकलात. मुदत संपली नाही ना ते बघा, आणि मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये आठ-दहा दिवसांची उजळणी लावा. तोवर तुमच्या मोपेडवर मिस्टर मागे बसतील, हेल्मेट घालून. आधी नाही म्हणतील. वाटेत पोह्याची टपरी लागते म्हटलं की बसतील. पोहे खाऊ द्या, तर्री अर्धा चमचा.